उन्हात घातलेले पोहे

"मावशी, तुमच्याकडे ऑटम नसतोच. पाऊस थांबला की थेट ऑक्टोबर हीट." बॉस्टनहून आलेला भाचा पंख्याचा वेग वाढवत हे म्हणाला, आणि मला झोंबलं. तिथले लालभडक मेपल मी त्याच्या फोटोंत पाहिलेत. आमच्या आवारातला आंबा मात्र ऑक्टोबरात ढिम्म हिरवा असतो. पानगळ आपल्याकडे येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. झाडांच्या साक्षीने हा खटला मी हरणारच होते.

म्हणून मी ताटाची साक्ष काढली. पितृपक्षातली खीर आणि कारल्याची भाजी, भोंडल्याची खिरापत, कोजागरीचं चारोळी घातलेलं दूध, वसुबारसेला बाजरीची भाकरी नि गवार. वाचकांना ही यादी पाठच असेल. माझं म्हणणं असं की एक ऋतू अंगाला कळतो आणि एक ताटाला. अंगाला घामोळं आलं म्हणून ताटातला शरद खोटा ठरत नाही.

भाच्याने फोन काढला. "2020ची कोजागरी 30 ऑक्टोबरला होती, 2025ची 6 ऑक्टोबरला. दूध तेच! तुमचं ताट तिथीवर चालतं, ऋतूवर नाही." अधिक महिन्याचं गणित मी त्याला समजावलं खरं, पण तेवढ्याने त्याचा मुद्दा हलत नव्हता.

मग मी चरकाला साक्षीला बोलावलं, आणि साक्षीदार फितूर निघाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात, ऋतुचर्या आहे. पावसाळ्यात गारव्याला सरावलेल्या अंगावर एकदम ऊन पडतं आणि साठलेलं पित्त उसळतं. तेव्हा शरदात हलकं, गोड, कडू खावं. तेल, चरबी, दही, क्षार टाळावेत आणि उन्हापासून दूर राहावं. आपण काय करतो? नेमक्या याच दिवसांत तेलाचे डबे आणून कढया चढवतो. कोकणात नरकचतुर्दशीला अंगठ्याने कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात, आणि मग पोह्यांवर नि फराळावर ताव मारतात. शास्त्राने सांगितलेल्या तिक्त रसाची भरपाई त्या एका थेंबात होते!

म्हणजे हे ताट अंगाचंही ऐकत नाही आणि वैद्याचंही. मग ऐकतं कुणाचं?

याचं उत्तर मला पातळ पोह्यांत सापडलं. चिवड्याचे पोहे आधी उन्हात घालतात. कडक झाले की मग फोडणीत. आता श्रावण-भाद्रपदाचं खाणं आठवून पाहा. नागपंचमीची दिंडं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, उकडीचे मोदक. सगळं वाफेवरचं, ओलं, त्याच दिवशी संपवायचं. कारण त्या हवेत दुसरं टिकणार काय? श्रावणात चिवडा करून पाहा, झाकण दोनदा उघडलं की तो सादळतो. गौरीच्या फराळात लाडू-करंज्या असतात हे मला मान्य आहे. पण तो फराळ संपवण्याची घाई असते. दिवाळीची चकली, शेव, शंकरपाळे मात्र डब्यात दोन-तीन आठवडे राहायचे या हिशेबानेच केलेले असतात. मुंबईतून मोसमी वारे सर्वसाधारणपणे 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतात. आभाळ मोकळं होतं, ऊन तापतं, आणि त्या उन्हात अंगणात धान्य, गच्चीवर पोहे, शेतात कापलेला भात, सगळं एकदमच वाळायला लागतं. दिंडं-मोदकांपासून चिवड्या-चकलीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे ओल्या खाण्याकडून कोरड्या खाण्याकडे जाणं आहे. अंग आणि ताट या माझ्या लाडक्या भेदापेक्षा ओलं-कोरडं हा भेद अधिक कामाचा निघाला.

अनारसा मात्र या सिद्धान्ताला जुमानत नाही. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि वाळवायचे ते उन्हात नव्हे, सावलीत, कापडावर, तेही पुरते नाहीत. दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं. पुढे खसखशीवर थापून मंद तुपात सोडायचा, तो खसखशीची बाजू वर ठेवून. पीठ जरा बिघडलं की अनारसा हसतो, म्हणजे तुपात फुटून विखरतो. भट्टी जमली तर त्याला पडलेली जाळी पाहत राहावी. हा पदार्थ कोणत्या ऋतूचा म्हणावा? मला वाटतं, हट्टी माणसांचा. दिवाळीत प्रत्येक घरात असं एखादं माणूस असतंच, म्हणून तो टिकला.

तर मुद्दा असा की ज्या ऑक्टोबर हीटविरुद्ध मी शरदाची वकिली करायला निघाले होते, तीच माझी अशील निघाली. चरक जे ऊन टाळायला सांगतो, त्याच्यावर आमचा फराळ उभा आहे. शरद हा कोजागरीच्या चांदण्याइतकाच, किंबहुना जास्तच, त्या घामट दुपारचा आहे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, मी तेच म्हणत होतो. तो तेच म्हणत नव्हता, पण असो.

अडचण वेगळीच आहे. 2019मध्ये दिवाळी आली तरी पाऊस हटला नाही. राज्यात काढणीला आलेलं सोयाबीन सडलं, कोकणात कापलेल्या भाताला कोंब फुटले. घरोघरी कंदील लागले, पण वाळण नव्हतं. शहरात आमचा तोटा म्हणजे फार तर सादळलेला चिवडा. शेतकऱ्याचं वर्ष गेलं. सूर्य-चंद्राचा मेळ बसावा म्हणून पंचांगात अधिक महिना धरता येतो. लांबलेल्या पावसासाठी दिवाळी पुढे ढकलायची सोय त्यात नाही. तेव्हा अशा वर्षी पोहे कढईत मंद आचेवर कोरडेच परतून घेतात, नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. चिवडा होतो, आणि चांगला होतो.