दरवाजे आणि पाणीपाळी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले की खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आठवतात. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या या अभियंत्याने १९०३ मध्ये धरणाची भिंत न वाढवता तलावाची पातळी सुमारे ८ फूट चढवली. पूर आला की दरवाजे आपोआप उघडत, ओसरला की मिटत. हे कौतुक रास्तच आहे. पण त्यांचा याहून मोलाचा शोध लोखंडाचा नव्हता, पाणी वाटण्याच्या नियमाचा होता. नीरेच्या कालव्यावर उसाला बेसुमार पाणी दिल्याने जमिनी चिबड होत होत्या. तेव्हा त्यांनी गट पद्धत सुचवली: पाणी अधिक गावांत न्यायचे, प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचा गट निवडायचा आणि त्यात ऊस व हलकी पिके आलटूनपालटून घ्यायची. ही कल्पना त्यांना निव्वळ कागदावर सुचली असेल असे मला वाटत नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी खानदेशात पांझरेवर सायफन बांधला होता, आणि त्याच नदीवर शेतकऱ्यांचे फड पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. एका फडात सर्वांचे एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, पुढे पिकांची फेरपालट.

सरकारला महसूल हवा होता म्हणून ही पद्धत आली, असे कोणी म्हणेल. हवाच होता, पण ज्या नियमाने तिजोरी भरणार त्यानेच पाणी जास्त शिवारांत पोचणार होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पीक कोणते घ्यायचे हे शेतकऱ्याला दुसऱ्याने का सांगावे? कोरडवाहूत हे बरोबर. कालव्यावर मात्र वरच्याने मनमानी उसाला पाणी घेतले की टेलच्या माणसाला निवडच उरत नाही. तरीही या आक्षेपात एक सत्य आहे. फड गाव चालवत असे, गट खाते चालवणार होते, आणि विश्वेश्वरय्यांच्या योजनेची खरी उणीव मला इथेच दिसते.

नोकरी सोडल्यावर, १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर, निजामाने त्यांना हैदराबादेला बोलावले. त्याच संस्थानातल्या आपल्या पूर्णा नदीला मात्र धरणासाठी स्वातंत्र्यानंतरपर्यंत थांबावे लागले. आपले शिरड शहापूर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, तिथेच आज या नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना वाटपाचा अधिकारही दिला आहे. लाभक्षेत्रात ऊस किती, हळद किती आणि टेलची पाळी कधी, हे या संस्थांनी लागवडीआधी गावसभेत ठरवले, तर खात्याला न जमलेला फड आपल्याला इथे उभा करता येईल.