कुणी केलं असेल?

१७ एप्रिल २०१०, शनिवार. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर दुपारी चारला रॉयल चॅलेंजर्स आणि मुंबई इंडियन्सचा सामना सुरू व्हायचा होता. प्रेक्षक आत येत असतानाच स्टेडियमच्या भिंतीलगत बॉम्ब फुटला आणि थोड्या अंतराने दुसरा. कुणाचा जीव गेला नाही, पण काही माणसं जखमी झाली. त्यांत बंदोबस्तावरचे पोलीसही होते. सामना तासभर उशिरा सुरू झाला आणि पूर्ण खेळला गेला. मात्र त्याच मैदानावर व्हायचे उपांत्य सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हलवावे लागले.

कोल्हापुरात त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्यांचा जीव दोन ठिकाणी अडकला होता. मैदानावर सचिन होता. आणि पेठापेठांतली पोरं नोकरीसाठी बंगळुरूत होती. पुणे-बंगळुरू हायवे गावाला खेटून जातो, राणी चन्नम्मा एक्स्प्रेस तेव्हा इथूनच सुटायची. बंगळुरू आपल्याला कधी परकं वाटलं नाही. फोन लागले, पोरं ठीक असल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. आणि मग प्रश्न पुढे आला, कुणी केलं असेल? मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. तर्काला जोर आला तो काळजी मिटल्यावर.

उत्तरं लगेच मिळाली. दोनच महिन्यांपूर्वी, १३ फेब्रुवारीला, पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा बळी गेला होता, तेव्हा हे ‘तेच’ असणार. कुणी म्हणालं सट्टेवाले, कुणी म्हणालं शेजारचा देश, कुणाला त्यात कर्नाटकातलं राजकारण दिसलं. रात्रीच्या जेवणापर्यंत प्रत्येकाचा निकाल लागलेला होता. खटला इंडियन मुजाहिदीनशी संबंधित म्हणून उभा राहिला. त्यातल्या तिघा आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि २०१८ साली त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ही बातमी आली तेव्हा ती किती जणांनी वाचली असेल? त्या रात्री सट्टेवाल्यांवर पैज लावणाऱ्यांपैकी कुणी आपलं वाक्य मागे घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट ज्यांचा तर्क जुळला, त्यांनाही तो कशामुळे जुळला हे सांगता आलं नसतं.

अफवेकडे आणि तर्काकडे विद्वानांनी कसं पाहिलं हे शोधत गेलो, तेव्हा सुरुवातीलाच एक भारतीय नाव भेटलं याचं मला फार अप्रूप वाटलं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. तोपर्यंत राज्यकर्त्यांच्या लेखी ‘बाजारातली अफवा’ म्हणजे अडाणी लोकांचा खुळेपणा. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने तसं न म्हणता त्या दिवसांतल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. भूकंपाच्या वेळी गंगेचं पाणी नाहीसं झालं आणि आंघोळ करणारी माणसं वाळूत रुतली. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा धक्का बसणार. २६ फेब्रुवारीला पाटण्याचा प्रलय होणार. अशा त्या अफवा. त्याच सुमाराला गांधीजींनी हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं म्हटलं आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. जमीन हादरली तरी माणसाला करता-करविता शोधावाच लागतो, मग तो शोधणारा केवढाही मोठा असो.

प्रसादांनी गोळा केलेल्या या अफवांनी पुढे अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाला कोड्यात टाकलं. त्या अफवा जिथल्या होत्या तिथे धक्के जाणवले होते, पण पडझड झाली नव्हती. आधीच घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का रचतील? दुर्गानंद सिन्हा या मानसशास्त्रज्ञाने दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळल्यानंतर केलेला अभ्यास १९५२ मध्ये आला. जिथे लोकांनी घरं गाडली गेलेली प्रत्यक्ष पाहिली, तिथे अशा प्रलयाच्या अफवा त्यांना आढळल्या नाहीत. फेस्टिंजरने याचा अर्थ असा लावला की, ज्याला भीती वाटते आहे पण भिण्याजोगं समोर काही दिसत नाही, तो भीतीला साजेसं कारण तयार करतो. १९५७ साली त्याने मांडलेल्या मानसिक विसंगतीच्या प्रसिद्ध सिद्धांताचं बीज या विचारात आहे. म्हणजे एका जगप्रसिद्ध सिद्धांताच्या मुळाशी पाटण्याच्या गल्ल्यांतली बोलणी आहेत.

हे वाचल्यावर २०१० च्या त्या संध्याकाळचा क्रम मला उलगडला. चिन्नास्वामीच्या दारात जखमीला उचलणारा माणूस ‘कुणी केलं’ यावर बोलत बसला नसेल. त्याच्या हातात काम होतं. आपल्यापर्यंत हादरा पोचला होता, पण काम काहीच नव्हतं. त्या हादऱ्याचं काय करायचं हे न कळून आपण त्याला एक नाव देऊन मोकळे झालो.

नाव कुणाचं द्यायचं, हे मात्र भीती ठरवत नाही. त्यासाठी बॉस्टनला जावं लागतं. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, तिथल्या ‘बॉस्टन हेराल्ड’ने ‘रूमर क्लिनिक’ नावाचं सदर सुरू केलं. एकेक अफवा घ्यायची आणि तिच्याखाली तपासलेली वस्तुस्थिती छापायची. अफवा छापली की ती आणखी पसरते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. सदर तरी चाललं. या कामाशी जवळीक असलेल्या गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने लिओ पोस्टमनबरोबर १९४७ मध्ये अफवेच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रयोग विसरता येत नाही. भुयारी रेल्वेच्या डब्याचं चित्र. त्यात एक गोरा आणि एक काळा माणूस बोलत उभे आहेत, आणि गोऱ्याच्या हातात वस्तरा आहे. चित्र पाहणाऱ्याने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. निम्म्याहून अधिक वेळा कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. सांगणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात खोटं बोलावं असं नव्हतं. वस्तरा आपोआप गेला, आणि या प्रयोगातलं खरं भय मला या आपोआपपणात वाटतं.

त्याच बॉस्टनमध्ये १५ एप्रिल २०१३ ला मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन प्रेशर कुकर बॉम्ब फुटले. तिघे मेले, अडीचशेहून अधिक जखमी झाले, कित्येकांचे पाय गेले. हजारो प्रेक्षकांकडे फोटो होते आणि लाखो लोक ते घरबसल्या न्याहाळत होते. कोल्हापूरच्या आपल्या खासबागेत कुस्ती चालू असताना मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं बसतात. पाठ टेकली की नाही, हे प्रत्येकाने ‘आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं’ असतं आणि प्रत्येकाचं पाहणं वेगळं असतं. निकाल मात्र आखाड्यात उतरलेला पंच देतो. बॉस्टनमध्ये चार दिवस सगळं मैदानच पंच झालं होतं. सतरा वर्षांच्या एका धावपटूचा, पाठीवर पिशवी आहे एवढ्यावरून, न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर फोटो छापला. महिनाभर बेपत्ता असलेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याचं नाव गुन्हेगार म्हणून जगभर फिरलं. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेल्या पानावर शिव्या आणि धमक्या येऊन पडल्या. त्याचा या स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. पोराला शोधणाऱ्या आईबापांना जगाने काय दिलं, याचा विचार मनात आला की पुढचं वाक्य सुचत नाही.

याआधी, १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिंपिकमध्ये हेच घडलं होतं. आपण अटलांटा ३ ऑगस्टच्या लिअँडर पेसच्या कांस्यपदकामुळे लक्षात ठेवलं. साहजिक आहे, आपल्या राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळवलेल्या कांस्यानंतर भारताला मिळालेलं ते पहिलंच वैयक्तिक पदक. पण त्याच्या आठवडाभर आधी, २७ जुलैच्या पहाटे, ऑलिंपिक उद्यानात गर्दीत बॉम्ब फुटला होता. रिचर्ड ज्युएल नावाच्या सुरक्षारक्षकाला बेवारस पिशवी दिसली, त्याने पोलिसांना सांगितलं, माणसं हटवायला मदत केली. तीन दिवस तो वीर होता. ३० जुलैला अटलांटाच्या दैनिकात बातमी आली की एफबीआयचा संशय याच्यावरच आहे. तर्क असा, की नाव कमवायला याने स्वतःच बॉम्ब ठेवला आणि स्वतःच शोधला. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये एका पोलिसाने खरोखर असं केलं होतं, त्यामुळे गोष्ट चपखल बसली. गोष्ट बसली, एवढाच काय तो पुरावा. ८८ दिवसांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस, सरकारने तो संशयित नसल्याचं पत्र दिलं. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ. त्याने मधल्या काळात, १९९७ आणि १९९८ मध्ये, आणखी बॉम्बस्फोट केले आणि तो सापडला २००३ साली. ज्युएल २००७ मध्ये, ४४ व्या वर्षी, वारला.

इथपर्यंत आल्यावर तर्क करणं हाच दोष आहे, लोकांनी गप्प बसावं, असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं श्रेय तामोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाला. जपानी वंशाचा हा अमेरिकन तरुण. १९४२ मध्ये केवळ वंशावरून संशयित ठरवून एक लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, त्यांत तोही टूली लेकच्या छावणीत होता. संशय अंगावर पडणं म्हणजे काय, हे त्याने भोगलं. तरी १९६६ मध्ये अफवेवर पुस्तक लिहिताना त्याने लोकांना झोडपलं नाही. अधिकृत बातमी येत नाही तेव्हा माणसं एकत्र बसून परिस्थितीचा अर्थ लावतात, अफवा हा त्या विचाराचाच एक प्रकार, असं तो म्हणाला. हे मला पटतं. कट्ट्यावर बोलणारा नागरिक असतो, त्याला विचारण्याचा हक्क आहे, आणि पोलीस तोंड मिटून बसले तर बोलणी वाढणारच. पण एकत्र विचार करायचा तर चुकलेलं मागेही घ्यावं लागतं. शिबुतानीच्या पुढचा हा टप्पा आपल्याकडे आलेलाच नाही.

महाराष्ट्राचा अनुभव यापेक्षा जड आहे. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात नमाजाला आलेल्यांमध्ये स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं मेली. मेलेले मुसलमान होते आणि अटक झालेले नऊ जणही मुसलमान. राज्यातल्या फार थोड्या लोकांना हे विचित्र वाटलं. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळत गेला, एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. एकजण तोवर हयात नव्हता. अटकेच्या बातमीला जी जागा मिळाली होती, तिच्या चतुर्थांशही या बातमीला मिळाली नाही.

आणि २०२५ चा जुलै. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांतल्या, म्हणजे १८० हून अधिक मृत्यूंच्या खटल्यातल्या, बाराही जणांची शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने नंतर हा निकाल दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडलं नाही. ३१ तारखेला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी निर्दोष सोडले. दहा दिवसांत दोन निकाल, दोन्हींत पुरावा पुरेसा नाही असं न्यायाधीश म्हणाले. ज्यांनी पहिल्या निकालावर ‘न्यायव्यवस्था मेली’ म्हटलं, त्यांच्यापैकी कित्येकांनी दुसऱ्यावर पेढे वाटले. आणि उलटही घडलं. वस्तरा कुणाच्या हातात द्यायचा हे दोन्हीकडे आधीच ठरलेलं होतं. मेलेल्यांच्या घरी काय चाललं असेल, हे फार थोड्यांनी विचारलं. ज्यांची माणसं गेली त्यांना तर्क नको असतो, माहिती हवी असते, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या हाती निश्चित असं काही नाही.

कोल्हापूरही याला अपवाद नाही. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ज्या गावाने त्यांची भाषणं ऐकली होती, टोलविरोधी आंदोलनात त्यांच्या मागून चाललं होतं, त्याच गावात पहिल्याच दिवशी टोलपासून खासगी वैरापर्यंत सगळे तर्क फिरले. ७ जून २०२३ ला तर मोबाइलवरच्या काही पोरांच्या स्टेटसचा राग गावभर दगड होऊन पडला. पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या, इंटरनेट बंद करावं लागलं. ज्यांच्या दुकानांवर दगड पडले त्यांनी ते स्टेटस ठेवलेले नव्हते.

आठ-नऊ दशकांत अफवेबद्दल आपण पुष्कळ शिकलो. ती कुठे उपजते, का वाढते, बोलणाऱ्याच्या मनात काय असतं. ती ज्याच्यावर पडते त्याच्या बाजूने मात्र विचार तोकडाच राहिला, आणि तो आता व्हायला हवा. ‘बॉस्टन हेराल्ड’ने १९४२ मध्ये सुरू केलं तसं सदर कोल्हापुरातल्या एखाद्या दैनिकाला चालवता येईल, चौकातल्या तालमीच्या फलकालाही येईल. गावात फिरलेला एक तर्क लिहायचा, त्याखाली न्यायालयात काय ठरलं ते तारखेसह लिहायचं, आणि ज्याचं नाव घेतलं गेलं त्याची तयारी असेल तर त्याचं म्हणणं, अटकेच्या बातमीएवढ्याच मोठ्या अक्षरात. मालेगावच्या त्या नऊ जणांपासून सुरुवात करता येईल.