धबधब्याची आडवाट आणि तप
पावसाळ्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत ओढे वाहू लागले की जालना, भोकरदन, जाफराबादकडून गाड्या धबधब्यांच्या वाटेला लागतात. डांबरी संपून पाणंद सुरू होते. काळी माती चाक आणि मडगार्डच्या फटीत गच्च बसते, चाक जागीच फिरत राहते आणि माणसे उतरून ढकलायला लागतात. एवढे करून पाण्याखाली उभे राहिल्यावर जे वाटते, त्याला पुष्कळ जण श्रद्धेचे नाव देतात: हाल सोसले म्हणून दर्शन घडले. जागा जितकी दुर्गम तितकी पवित्र, हा समज आपल्यात खोल मुरलेला आहे. तो मला मान्य नाही, आणि त्याला छेद देणारा सर्वात भक्कम पुरावा याच डोंगरात आहे.

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर आहेत; वरच्या अंगाला सातकुंडाचा धबधबा कोसळतो. बौद्ध भिक्खूंनी ही घळ एकांतासाठी निवडली हे खरे. पण पैठणहून उज्जैनकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग इथून फार लांब नव्हता. आजचे भोकरदन म्हणजे तेव्हाचे भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत तिथल्या लोकांचीही नावे कोरलेली आहेत. भिक्षेवर जगणाऱ्याला गाव हाकेच्या टप्प्यात लागतेच. एकांत हवा होता, पण लोकांपासून तुटायचे नव्हते. त्याहून महत्त्वाचा त्यांचा वर्षावासाचा नियम. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने फिरायचे नाही, एका जागी राहायचे. कारण विनयपिटकातच दिले आहे: या दिवसांत फिरणाऱ्याच्या पायाखाली कोवळे गवत आणि बारीक जीव चिरडले जातात. पायी चालणाऱ्यांनी जिथे एवढा विचार केला, तिथे त्याच महिन्यांत ओल्या माळावर चाकांच्या चाकोऱ्या पाडत जाणे कोणत्या अर्थाने साधना ठरते?

यावर कोणी म्हणेल की कष्टाशिवाय तप नाही, आणि आपल्या भूमीत तर भटकणे हाच धर्म सांगितला गेला. चक्रधरस्वामींच्या पंथाचे जाळीचा देव हे तीर्थ भोकरदन तालुक्यातच आहे, आणि त्या पंथाने अटनाला आचारधर्मात मोठे स्थान दिले. आक्षेप वजनदार आहे. पण ते अटन पायी, एकट्याने, भिक्षेवर होते. ओळख, आसरा, आवडती जागा यांचा लोभ सुटावा म्हणून होते. त्यात कष्ट होते, पण कष्ट हे त्याचे फळ नव्हते. भरलेला डबा, नकाशा दाखवणारा फोन आणि ठरलेले ठिकाण घेऊन निघालेल्या गाडीत सोडण्यासारखे काही सुटत नाही, हाडे तेवढी खिळखिळी होतात. समर्थ रामदासांचेही तेच. त्यांचा जन्म 1608 साली जालना जिल्ह्यातल्या जांबेचा. पुढे महाडजवळच्या शिवथरघळीत, धबधब्याच्या अखंड आवाजात, त्यांनी दासबोध सांगितला असे संप्रदाय मानतो. त्या घळीतून बाहेर आले काय, तर संसारी माणसासाठी 200 समास. त्यांत अक्षर कसे घोटावे यावरही एक. तिथे पोचणे हा त्यांचा पराक्रम नव्हता, तिथे बसून केलेले काम हा होता.

आणखी एक गोष्ट मला बोचते. ज्या चिखलाला पाहुणा रोमांच म्हणतो, त्याच चिखलातून तिथल्या वाडीवरची बाळंतीण बाजेवर टाकून न्यावी लागते. तिने ते तप निवडलेले नाही. वाट कठीण राहिली म्हणजे जागेचे पावित्र्य टिकते, असे म्हणणारा त्या पावित्र्याची किंमत तिच्याकडून वसूल करतो. पक्का रस्ता झाला तर गर्दी होईल, प्लास्टिक साचेल, शांतता जाईल, ही भीती मात्र खोटी नाही. तिला उत्तर आहे, आणि ते अजिंठ्यातच आहे: फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाड्या थांबतात, पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते आणि वरची चढण पायी. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले आहेत. वाडीपर्यंत बारमाही रस्ता न्यावा, आणि वाडीच्या पुढे धबधब्याकडे चाक जाऊ देऊ नये. ती हद्द कुठे आखायची, हे मात्र गावाने ग्रामसभेत ठरवावे.