कोणाचा किती वाटा

माणसाने एखादे काम उत्तम केले म्हणजे त्यात त्याचे स्वतःचे किती आणि हाती आलेल्या साधनाचे किती, हा हिशेब आपण सहसा मांडीत नाही. भात चांगला झाला की सुगरणीला शाबासकी देतो. तांदूळ आंबेमोहर होता हे विसरून जातो. व्यवहारात हे चालून जाते. पण मध्यंतरी आमच्या माजरीत हा हिशेब अगदी दारात येऊन उभा राहिला, आणि तोही दोन चाकांवर.

माझे एक शेजारी कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. त्यांचा मुलगा सायकलींच्या शर्यतीत उतरतो. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याने सायकलवरून बारा दिवसांच्या आत पार केली. त्यांचे चित्र या मुलाने भिंतीला लावले आहे. तर नागपुरातल्याच एका ओळखीच्या गृहस्थांनी आपली कार्बनची शर्यतीची सायकल विकायला काढली आणि दोन दिवस चालवून पाहायला दिली. किंमत ऐकून शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. ते ती सायकल घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, तुम्ही जन्मभर सायकल हाणली. चालवून पाहा अन् सांगा.”

कार्बन म्हणजे आमच्या पायाखालचाच कोळसा, अशी इथल्या लोकांची समजूत झाली तर नवल नाही. मूलद्रव्य एकच, पण हा कार्बन खाणीतून येत नाही. स्वेटरच्या कृत्रिम लोकरीशी नाते सांगणारा एक धागा असतो. तो हवा न लागू देता हजार अंशांहून अधिक तापवला की जवळजवळ शुद्ध कार्बनाचा, केसाहून कितीतरी बारीक तंतू उरतो. असे तंतू थरांवर थर लावून राळेत घट्ट बसवतात. पोलाद वाकून आपली दुखापत सांगते. हा पदार्थ सांगत नाही. आतली चीर वरून दिसेलच असे नाही, म्हणून जाणकार नाण्याने टकटक करून आवाज ऐकतात. मीही रुपया घेऊन सगळा सांगाडा वाजवून पाहिला. मडके घेताना आपण दुसरे काय करतो?

मग मी ती उचलली. आमच्या पिढीची काळी सायकल वीस किलोंची; ही एका हाताने बाळासारखी वर आली. कुचन्याच्या रस्त्याला लागलो. बसण्याची तऱ्हा अशी, की समोरच्या रस्त्याऐवजी आपलेच गुडघे दिसावेत. पायडल मारला की क्षणाचाही विलंब न लावता ती पुढे सरके. जणू मनात आले आणि झाले. कोळशाचा एक ट्रक बाजूने गेला, तोंडात धूळ आली, आणि तरीही मी या वयात हसत होतो. मात्र थोड्या वेळाने एक गोष्ट ध्यानात आली. उचलताना ती जेवढी हलकी वाटली होती तेवढी चालवताना वाटेना. आमचा मुलूख सपाट. सपाटीवर वेग वाढला की झगडा वजनाशी नसतो, वाऱ्याशी असतो. हलकेपणाची खरी कमाई चढावर. इथला लाभ बराचसा त्या वाकून बसण्याचा.

परत आल्यावर हे सारे सांगितले. शेजारी ऐकून घेत म्हणाले, “पैशाचं मी पाहून घेईन, गुरुजी. पण तो दुसरा पोट्टा आतापावतर आमच्या पोट्ट्याच्या पुढं राहत होता. त्याची सायकल साधी. आता तो मागं पडन. निवडीत जागा एकच. हे न्यायाचं हाय का?”

मला एकदम एकलव्य आठवला. अर्जुनाला पुढे ठेवायचे म्हणून द्रोणांनी त्याचा अंगठा मागितला. आता अंगठा मागावा लागत नाही. दुसऱ्याला मागे टाकण्याची सोय बाजारात मिळते.

वाटेल की, सर्वांना सारखी सायकल द्या आणि प्रश्न मिटवा. हा प्रयोगही होऊन गेला आहे. बेल्जमच्या एडी मर्क्सने 1972 साली मेक्सिकोत एका तासात 49.431 किलोमीटर अंतर तोडले. पुढे नव्या घाटाच्या सायकली आल्या, अंतर 56 किलोमीटरांच्या पलीकडे गेले, आणि हा पराक्रम माणसाचा की यंत्राचा, असा वाद माजला. शेवटी 2000 साली आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवले की, खरा विक्रम मर्क्सच्या धर्तीच्या सायकलवरचाच. त्याच वर्षी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने मँचेस्टरला तशा सायकलवर 49.441 किलोमीटर काढले. अठ्ठावीस वर्षांची प्रगती दहा मीटर! पण मौज अशी की, मर्क्सची ती ‘साधी’ सायकलही खास त्या तासासाठी घडवलेली, सहा किलोंच्या आतली होती. आणि मेक्सिकोची उंचावरची विरळ हवा मँचेस्टरला कोठून यावी? सायकल सारखी केली, हवा राहिली. 2014 साली महासंघाने तो नियमच सोडून दिला.

आमच्या शेजारच्या वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी 1985 साली ‘भारत जोडो’साठी तरुण-तरुणींना कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर नेले. कोणाची सायकल चांगली, असा वाद तिथे कशाला होईल? पहिला यायचेच नव्हते. हा प्रश्न जागा एकच असली की उभा राहतो.

मला वाटते, अर्जुनाजवळ चांगले धनुष्य होते यात अन्याय नव्हता. अन्याय दुसऱ्याच्या अंगठ्यात होता. बापाने पोटाला चिमटा घेऊन मुलाला चांगली सायकल द्यावी, यात मला काही गैर दिसत नाही. पण दोघांतून एकालाच उचलायचे असेल, आणि मोजायचे पायच असतील, तर तेवढ्या दिवशी त्या सायकलीने अंगठ्यावर हात टाकला असे होईल. म्हणून मी म्हणालो, “घ्या. सराव करू द्या, पुढच्या मोठ्या शर्यतींत खुशाल उतरू द्या. तिथे सगळ्यांच्याच अशा असतात. निवडीच्या दिवशी मात्र जुनीच न्यावी.”

शेजाऱ्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. मुलगा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, “त्याच्या घरी चार म्हशी हायेत, गुरुजी. मी कोरा चहा पिऊन सरावाला जातो. ते दूध कोण मोजणार?”

शेजारी माझ्याकडे पाहू लागले. मुलाचे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. सायकल दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत नागपूरला पोचवायची होती, किंवा पैसे.