दारातला लाझरस आणि ‘स्वच्छ’ कोळसा



आजच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाझरसला मारहाण केली नाही. त्याला शिवी दिली नाही की गड्यांकरवी दारातून हाकलून लावले नाही. मग तो अधोलोकात का गेला? संत लूक त्याचा एकही गुन्हा सांगत नाही. तो रोज मेजवानी करीत होता आणि दारात एक माणूस फोडांनी भरून पडला होता, एवढेच आपल्याला कळते. पहिल्या वाचनात आमोस संदेष्टाही हेच सांगतो. हस्तिदंती पलंगावर लोळणाऱ्यांना त्याने झोडपले, ते आपल्या लोकांच्या नाशाबद्दल त्यांना काहीच वाटत नव्हते म्हणून.

हा उतारा वाचताना मला यंदा सारखा कोळसा आठवत राहिला. त्याचे कारण सांगतो.

एका घराच्या आशीर्वादाला गेलो होतो. चहा घेताना त्या घरातला तरुण मला म्हणाला, “फादर, तुम्ही प्रवचनात कोळशाच्या नावाने फार ओरडता. आता स्वच्छ कोळशाचं तंत्रज्ञान आलंय. धूर धुऊन सोडतात.” मुलगा इंजिनीअर आहे, उगाच बोलणारा नाही. त्याची आजी शेजारी बसली होती. ती म्हणाली, “फादर, लाइट तर पायजेच ना?” भारनियमनाच्या काळात आपण वसईकरांनी डास मारीत काढलेल्या रात्री ती विसरलेली नव्हती. मी घरी येऊन वाचू लागलो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

तो मुलगा अर्धा बरोबर आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच पश्चिम रेल्वेवर आहे. डहाणूचे 500 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र 1995 च्या सुमारास सुरू झाले. त्याआधीच, 1991 साली, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. स्थानिक रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 1996 साली न्यायालयाच्या आदेशावरून एक प्राधिकरण नेमले गेले व न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणाने 1999 साली आदेश दिला, की धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवा. ती प्रत्यक्ष चालू व्हायला 2007 साल उजाडले! तिथे समुद्राचे पाणी मुळातच थोडे क्षारधर्मी असते, म्हणून तेच धुरावर सोडून गंधकाचा वायू शोषून घेतात. म्हणजे तंत्र आहे, ते चालते, आणि ते चालण्यासाठी चिकूच्या वाड्या असलेल्या साध्या माणसांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

मग देशभर काय झाले? डिसेंबर 2015 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने सर्व कोळसा वीजकेंद्रांना गंधकवायूची मर्यादा घालून दिली व दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. शेवटी जुलै 2025 मध्ये नवा निर्णय आला. दिल्लीचा परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना सक्ती राहिली, काहींचा निर्णय एकेकाचे पाहून व्हायचा, आणि बाकीच्यांना, म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना, या गंधकाच्या अटीतून मोकळे केले.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे, ती पोकळ नाही. आपल्या देशी कोळशात गंधक कमी असते. हवेतील गंधकवायूचे प्रमाण बहुतेक ठिकाणी ठरवलेल्या मर्यादेत आहे. यंत्रणेला हजारो कोटी लागतात, तो भार शेवटी गरिबाच्या बिलावर पडतो. शिवाय ती यंत्रणा स्वतःच वीज खाते. उलट बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात की गंधकवायू वायू म्हणून राहत नाही. हवेत त्याचे अतिसूक्ष्म कण होतात, ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि फुफ्फुसात उतरतात. चिमणीजवळ वायू मोजून त्या कणांचा हिशेब लागत नाही. मी शास्त्रज्ञ नाही. पण एक प्रश्न धर्मगुरूलाही विचारता येतो. शहराला एक मोजपट्टी आणि खेड्याला दुसरी, ती कशी? दहा किलोमीटरची रेघ ओढली म्हणजे तिच्यापलीकडच्या मुलाचे फुफ्फुस वेगळे होते काय?

आणि गंधक ही कोळशाची एकच बाजू झाली. आपल्या कोळशात राख पुष्कळ, कित्येकदा वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक. शिवाय पारा आहे आणि पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड आहे. डहाणूची यंत्रणा गंधक धुते, कार्बन डायऑक्साइड तसाच वर जातो. पापनिवेदनाला येऊन चार लहान पापे सांगावी आणि मोठे पोटात ठेवून उठावे, तसे हे झाले! (असे करणारे कोणी नसेलच आपल्या धर्मग्रामात.) तो वायू पकडून जमिनीत पुरण्याचे प्रयोगही झाले. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात केंपर येथे असे केंद्र उभारताना सुमारे साडेसात अब्ज डॉलर खर्च झाले. 2017 साली कोळशाचा तो भाग बंद करून केंद्र नैसर्गिक वायूवर चालवणे भाग पडले. कॅनडात 2014 पासून एक केंद्र वायू पकडते आहे, पण ठरवले होते त्यापेक्षा कमी. पोप फ्रान्सिस यांनी 2023 साली ‘लाउदाते देउम्’ या पत्रात अशा यंत्रांवरच सारी भिस्त ठेवण्याविरुद्ध इशारा दिला, तो यासाठीच. मला ‘स्वच्छ’ या शब्दाचीच भीती वाटते. ‘कमी घाण’ म्हणा, मी मान्य करीन.

आता लाझरसकडे येतो. डहाणूची वीज आपल्या घरात येत नाही, ती मुंबईच्या उपनगरांना जाते. आपण महावितरणचे ग्राहक. आपल्या विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा अशा केंद्रांतून येतो. म्हणजे आपला लाझरस राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला पडला आहे. 2022 च्या जुलैत नागपूरजवळ खसाळा येथे राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत, वस्त्यांत घुसले. त्या दिवशी वसईत कोणाचा पंखा बंद पडला नाही. मला स्वतःला ही बातमी यंदा, या प्रवचनाच्या तयारीत वाचायला मिळाली. तीन वर्षे ती माझ्या दारात पडून होती. श्रीमंताला निदान लाझरसचे नाव ठाऊक होते, अब्राहामाला तो नावाने सांगतो. मला त्या गावाचे नावही ठाऊक नव्हते.

त्या आजीला मी काय उत्तर देऊ? लाइट पाहिजेच. तिला अंधारात बसवून मला पुण्य नको. देशाची बहुतांश वीज आजही कोळशाची आहे, ती उद्या सकाळी थांबणार नाही. म्हणूनच जोवर कोळसा जळतो तोवर त्याचा धूर धुतला गेला पाहिजे, महाग पडला तरी, आणि चंद्रपूरजवळच्या खेड्यासाठीही. ते पैसे बिलात आले तर कुरकुर न करता भरायची आपली तयारी आहे का, हे घरी जाऊन एकमेकांना विचारा.

आणखी एक कबुली. सणाला देवळावर आपण जी रोषणाई करतो तिचे बिल मी या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिले. आकडा इथे सांगत नाही, पॅरिश कौन्सिलला सांगेन. देवळाच्या छपरावर सौरपट्ट्या बसवण्याचा विषय पुढच्या बैठकीत घेत आहोत. घरांसाठी केंद्राची ‘सूर्यघर’ योजना 2024 पासून आहे, तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तो इंजिनीअर मुलगा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये माहिती द्यायला बसणार आहे. माझ्याशी वाद घालायलाही तो मोकळा आहे, तुम्हीही या. विजेचे मागचे बिल बरोबर आणा.