लोखंडाचा भीम

जोड लागली त्याच क्षणी निकालही लागून गेलेला असतो काय, हा प्रश्न आखाड्याइतकाच जुना आहे. आणि तो विचारणाऱ्यांत हरलेल्यांचाच भरणा अधिक असतो, एवढ्यावरून त्याची तात्त्विक योग्यता कमी ठरत नाही. ज्या देहाने, ज्या स्वभावाने आणि ज्या प्रतिस्पर्ध्यासमोर मी उभा आहे, त्यांपैकी एकही गोष्ट जर माझ्या निवडीची नसेल, तर पराभवाची जबाबदारी माझ्या माथी मारण्याचा अधिकार कोणास पोहोचतो, असे त्याचे पूर्ण स्वरूप आहे, आणि आपल्या कर्मविचाराला त्याला वळसा घालून कधीच पुढे जाता आलेले नाही.

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा हा प्रश्न कोणास फारसा छळत नाही, कारण जोड लावणारा तेथे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. हलगी घुमत असते, लंगोट कसलेले गडी फडाला फेरी मारीत असतात, आणि पंच एकाचा दंड धरून त्याला दुसऱ्याच्या शेजारी आणून उभा करतो. वजनाचा काटा नाही, वयाचा दाखला नाही, मानेची जाडी, मांडीचा भराव आणि मोडलेला कान एवढ्याच दस्तऐवजांवर त्याला तजवीज करावयाची असते. जोड विषम वाटली की कडेला बसलेले म्हातारे तत्काळ हरकत घेतात आणि पंचाला गडी बदलावा लागतो. दैवाकडे फिर्याद नेण्याची पाळीच येत नाही. माणसाचे काम माणसाकडेच निस्तरते.

खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळी स्थानकावर लोकलची वाट पाहत फोनवर लढतीचे खेळ खेळणाऱ्या तरुणांना मात्र असा पंच लाभलेला नाही. या खेळांची आजची रीत मुख्यतः कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९१ साली आणलेल्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने घालून दिली. त्यात आठ योद्ध्यांतून एक निवडण्याची मुभा होती. त्यांतला धालसिम हा आपल्याकडचा योगी, गळ्यात कवट्या घातलेला (परदेशी कल्पनेत आपला योगी असाच असावयाचा!), हातपाय लांबवून दुरून प्रहार करणारा, परंतु हालचालीत मंद, आणि झांगिएफ हा रशियन मल्ल, जवळ पोहोचल्याखेरीज ज्याचे काही चालत नाही, पण ज्याच्या मिठीत एकदा सापडल्यावर सुटका नाही. तेव्हा धालसिमने अंतर राखावे आणि झांगिएफने ते कापावे, एवढ्यात त्या जोडीचे सारे नीतिशास्त्र आले. जाणते खेळाडू अशा प्रत्येक जोडीचा हिशेब मांडून ठेवतात: दहा लढतींपैकी सात एकाच्या आणि तीन दुसऱ्याच्या, किंवा सहा आणि चार. हरलेल्या एका मुलाने मजपाशी जी कैफियत मांडली ती याच हिशेबाच्या आधारे: “काका, मॅचअपच बेकार लागला, त्याला मी काय करणार?”

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनीच असे सांगून ठेवले आहे, की ज्ञानी मनुष्यदेखील आपल्या प्रकृतीस अनुसरून वागतो, मग तेथे निग्रह काय करील. आणि लगेच पुढच्याच श्लोकात, राग आणि द्वेष यांच्या ताब्यात जाऊ नये, अशी आज्ञाही केली आहे. प्रकृती टळत नसेल तर आज्ञा कोणाला, हा पेच टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांना वाहिलेल्या एका स्वतंत्र प्रकरणात सोडविण्याचा यत्न केला. आत्मा स्वतंत्र खरा, पण त्याला साधने वापरावी लागतात ती प्रकृतीचीच, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. धालसिमला झांगिएफचे बाहू मिळावयाचे नाहीत. परंतु कोणत्या अंतरावर उभे राहावे, हे कोणत्याही कोष्टकाने ठरवून दिलेले नसते. शिवाय सात-तीनचा आकडा असंख्य लढतींविषयी बोलतो, समोरच्या एका लढतीविषयी तो मुका असतो.

मंडालेच्या तुरुंगात टिळक हा ग्रंथ लिहिण्यास बसले तो १९१०-११ चा हिवाळा. त्याच्या थोडे आधी, १९१० च्या १० सप्टेंबरला, लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिश्को यांची जोड लागली होती. झ्बिश्को वजनाने जड, पण उभ्या कुस्तीत आपला पाड लागत नाही हे त्याने पहिल्या काही क्षणांतच ओळखले, आणि तो जमिनीला जो चिकटला तो अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक तसाच राहिला. प्रेक्षकांना ते भेकडपणाचे वाटले. मला त्यात विचार दिसतो. जी जोड त्याला प्रतिकूल होती ती त्याने लढलीच नाही, तिच्या जागी दुसरीच, म्हणजे एक पालथा मनुष्य आणि एक त्याला उताणा करू पाहणारा मनुष्य अशी, जोड उभी केली, आणि कुस्ती निकालाविना तहकूब करावयास लावली. आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या भेटीला तो आलाच नाही, तेव्हा किताब गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळात तेच दोघे पुन्हा भिडले तेव्हा झ्बिश्को एका मिनिटाच्या आत चीत झाला. जोड तीच, एकदा अडीच तास, एकदा एक मिनिट. जोडीलाच दैव मानणाऱ्याने या दोन निकालांचा मेळ कसा घालावा?

परंतु या विषयाचा खरा गाभा शल्यपर्वात आहे. डोहातून बाहेर आलेल्या दुर्योधनाला युधिष्ठिराने सांगून टाकले, की आम्हां पाचांतल्या कोणाही एकाला मारलेस तरी राज्य तुझे. श्रीकृष्ण त्यावर संतापला, आणि माझ्या मते तो संताप सर्वस्वी योग्य होता. कारण समोरच्याने नकुलाला किंवा खुद्द युधिष्ठिरालाच मागितले असते तर अठरा दिवसांचे युद्ध पुन्हा एकदा द्यूतच ठरले असते. दुर्योधनाने मात्र दुर्बळाकडे बोट दाखविले नाही. ज्याला यावयाचे त्याने गदा घेऊन यावे, एवढेच तो म्हणाला. या गुणाचे श्रेय त्याला सहसा दिले जात नाही. मग भीम पुढे झाला, आणि कृष्णाने जोडीचा निवाडा आधीच सांगितला: बळ भीमाचे अधिक, कौशल्य दुर्योधनाचे अधिक, आणि बळ विरुद्ध कौशल्य असा सामना पडला की कौशल्य जिंकते, कारण दुर्योधनाने तेरा वर्षे लोखंडाच्या पुरुषाकृतीवर गदेचा अभ्यास केला आहे, तो भीमाच्या वधासाठीच.

तेरा वर्षे एकाच शत्रूची मूर्ती समोर ठेवून चाललेला तो अभ्यास म्हणजे एक प्रकारचे ध्यानच होय. वैराने केलेले चिंतनही तन्मयता आणते, असे भागवताच्या सातव्या स्कंधात नारदाने युधिष्ठिराला सांगितले आहे, आणि कुंभारमाशीच्या घरट्यातला किडा तिच्या भीतीने तिचेच रूप घेतो, हा दाखला तेथेच आहे. दुर्योधन मात्र भीम झाला नाही. पुतळा नियम मोडत नाही, पुतळ्याने भरसभेत प्रतिज्ञा केलेली नसते, आणि पुतळ्याला बाजूला उभा राहून स्वतःच्या मांडीवर थाप मारणारा अर्जुन दिसत नाही. अशा प्रतिस्पर्ध्याबरोबर तेरा वर्षे काढल्यावर ठरीव होते ती स्वतःचीच चाल. भीमाचा घाव चुकविण्यासाठी दुर्योधन वर उसळला, आणि त्याच क्षणी भीमाने त्याच्या मांड्यांवर गदा हाणली. नाभीखाली प्रहार करणे हा अधर्म होता, यात शंका नाही. बलराम त्यावर भडकला तो उगाच नव्हे. पण मल्लविद्येच्या दृष्टीने पाहता, हवेत गेलेल्या योद्ध्याला मार्ग बदलता येत नाही, हे तत्त्व ‘स्ट्रीट फायटर टू’ खेळणारा मुलगाही दुसऱ्या दिवशी शिकतो: उडी एकदा घेतली की तिची कमान ठरलेली, आणि खाली वाट पाहणाऱ्याला ती आधीच वाचता येते. त्या उडीचा अभ्यास जितका पक्का, तितकी ती वाचण्यास सोपी.

लोखंडी भीमाची गोष्ट तेथे संपत नाही. युद्धानंतर धृतराष्ट्र भीमाला आलिंगनात चिरडून मारण्याच्या इराद्याने पुढे झाला, तेव्हा कृष्णाने भीमाला मागे ओढून त्या अंध राजाच्या बाहूंत दुर्योधनाने करविलेली तीच मूर्ती दिली, आणि राजाने ती मोडून टाकली, असे स्त्रीपर्वात आहे. भीमाच्या वधासाठी घडविलेली ती वस्तू अखेर भीमाचाच जीव वाचविण्याच्या कामी आली.