हौसेचे चर्मकर्म आणि त्याचे ऋण

"गळ्यात तुळशीची माळ आहे, वर्षाची वारी आहे, आणि हौस म्हणून कातड्याचे काम शिकावेसे वाटते. हे योग्य की अयोग्य?" अशी शंका नगरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका माळकरी गृहस्थाने विचारली. संध्याकाळी जेवण झाल्यावर तो तासभर लहान लहान पाकिटे करीत बसतो. त्यांवर वेलबुट्टी उठवतो, कमळ उठवतो, आणि तयार झालेले पाकीट भाच्याला, नाहीतर मेहुण्याला देऊन टाकतो. विक्री नाही, धंदा नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी मात्र नाक मुरडले. "माळकऱ्याच्या घरात कातडे?" एवढाच त्यांचा प्रश्न.

शंका दिसायला लहान आहे, पण तिच्या पोटात मोठे प्रकरण दडले आहे. म्हणून तिचा जरा सावकाश विचार करू. आधी पूर्वपक्ष ऐकावा आणि मग सिद्धांत सांगावा, ही आपली जुनी रीत. आणि त्याच्याही आधी ती वस्तू कशी आहे ते पाहावे. वस्तू न पाहता निर्णय देणे याला शास्त्रार्थ म्हणत नाहीत.

आता बघा, मराठीत कातडे 'कमावतात'. पैसा कमावतात, शरीर कमावतात, तसेच कातडेही कमावतात. कच्चे कातडे दोन दिवसांत कुजते. त्याला झाडाच्या सालीचा, फळाचा तुरट रस आत मुरेपर्यंत पाजावा लागतो. बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल ही आपल्याकडची जुनी द्रव्ये. हिरडा आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात मिळतो, आणि तरवड तर आपल्या माळरानावर पावलोपावली आहे. नवरात्रात ज्या तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ आपण घटाला घालतो, त्याच झाडाची साल कातडे कमावण्याच्या कुंडात पडते. फूल देवाकडे गेले, साल कुंडाकडे गेली. झाड मात्र एकच.

असे सालीने कमावलेले कातडे तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. अलीकडे क्रोमच्या क्षारांनी ते एक-दोन दिवसांतही तयार होते, मऊ असते, पाण्याला टिकते. पण त्यावर नक्षीचा ठसा मारला की तो उसळून वर येतो, टिकत नाही. नक्षी धरते ते सालीने कमावलेले कातडेच. त्यालाही आधी स्पंजने पाणी पाजतात आणि थोडे थांबतात. पृष्ठभागाचा मूळ रंग परतू लागला आहे, पण गाल लावला तर अजून गारवा लागतो, ती नेमकी वेळ. ओल जास्त असेल तर रेघ पसरते, कमी असेल तर ठसा बसत नाही. मग पात्याने रेघ कापायची, रेघेच्या एका बाजूचे कातडे ठशाने खाली दाबायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूचे पान वर उठून दिसते. शेवटी कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि शिवण घालायची. शिवणीला एकच दोरा, त्याला मेण लावलेले, आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. म्हणून एका अंगाचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या अंगाचा टाके धरून ठेवतो. यंत्राच्या टाक्याला हे साधत नाही.

इतके बारीक काम मन लावल्यावाचून होत नाही. एकाग्रता, संयम, हाताची शिस्त हे सगळे त्यात आहे. तेव्हा कर्म म्हणून यात दोष काढायला जागा नाही. मग आक्षेप कोणते?

पहिला पूर्वपक्ष शुद्धीचा. "चर्म अशुद्ध, त्याला हात लावू नये." अहो, पण कोणत्या आधारावर? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आसन सांगितले आहे, त्यात दर्भ आणि वस्त्र यांच्याबरोबर मृगाजिन आहे. मौंजीबंधनात बटूला अजिन सांगितले आहे. सोमयागात सोम कुटण्याच्या फळ्यांवर चर्म अंथरलेले असे. शंकराचे एक नावच कृत्तिवास, म्हणजे चर्म पांघरणारा. हे सगळे राहू द्या. माझ्या लहानपणी आपल्याकडे विहिरीवर मोट चालत असे, ती मी पाहिली आहे. ती मोट कातड्याची. तिच्या पाण्यावर ऊस झाला, गहू झाला, देवाचा नैवेद्य झाला. ते पाणी कोणी सोवळ्यातून वगळले नाही.

आणि सर्वांत मोठा दाखला आपल्या मागेच उभा असतो. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या बोलण्याला तोलून धरतो तो पखवाज. त्याच्या दोन्ही पुड्या कातड्याच्या, ताण देणाऱ्या वाद्या परंपरेने कातड्याच्या, उजवीकडे शाई, डावीकडे धुम्याला कणीक. कीर्तन सुरू होण्यापूर्वी आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. मग चर्म अशुद्ध कसे झाले? ज्याने ती पुडी मढवली, त्याला मात्र शतकानुशतके मंडपाच्या कडेला बसवले. वाद्य आत आले, वादकही आत आला, वाद्य करणारा बाहेर राहिला. यावरून काय सिद्ध होते? अशुद्धी वस्तूत नव्हती. आपण ती माणसावर लादली होती. पहिला पूर्वपक्ष इथे संपला.

दुसरा पूर्वपक्ष हिंसेचा. हा अधिक वजनदार आहे, आणि याला झटकून टाकता येत नाही. माळकरी मांस खात नाही, मग मारलेल्या जनावराचे कातडे कसे वापरतो? जुन्या गावगाड्यात कातडे बहुधा मेलेल्या गुराचे असे. गुरू गोठ्यात मेले की ते ओढून नेणारा एक, कातडे कमावणारा ढोर दुसरा, आणि त्याच्या वहाणा व मोट शिवणारा चांभार तिसरा. गांधीजींच्या काळात हाच विचार नव्याने मांडला गेला. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी जे चर्मालय चालवले, त्याच्या मागे मृत जनावराचे कातडे वाया जाऊ नये ही दृष्टी होती. आज बाजारातून आणलेल्या तुकड्यावर हे लिहिलेले नसते. ते म्हशीचे की शेळीचे एवढे कळेल. जनावर आपोआप मेले की कापले, हे सांगणे कठीण. म्हणून ज्याच्या मनाला हे बोचते त्याने चौकशी करून घ्यावे, जुन्या पिशव्या, जुनी पायताणे यांचे कातडे वापरावे, आणि तेही मनाला पटत नसेल तर हा छंद सोडावा. त्यात कमीपणा नाही. मात्र पायात कातडी वहाणा, कमरेला कातडी पट्टा, आणि पुतण्याच्या हातात रापी दिसली की लगेच अहिंसा आठवते, ही अहिंसा नव्हे. ती पहिल्या पूर्वपक्षाचीच घाण आहे, फक्त धुतलेल्या कपड्यातली.

आता तिसरा पूर्वपक्ष. हा वडीलधाऱ्यांनी काढला नाही, आपणच काढला पाहिजे, आणि खरा प्रश्न हाच आहे. जे काम एखाद्याच्या कपाळी जन्माने लिहिले, ज्याच्यापायी त्याला गावाबाहेर राहावे लागले, ते काम दुसऱ्याने हौस म्हणून, कमळे काढायला, हाती घ्यावे काय?

कर्म एक असले तरी कर्त्याची स्थिती एक नसते. हौशी माणसाला वाटेल तेव्हा रापी खाली ठेवता येते. ज्याला ती जातीने दिली होती, त्याला ती खाली ठेवण्याची मुभा नव्हती. सगळा भेद या एका गोष्टीत आहे. 1927 साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मृतमांस सोडायला सांगितले, आणि पुढे मेलेली गुरे ओढण्याचे काम टाकून देण्याची चळवळ गावोगाव झाली. तेव्हा त्यांचा रोख कसबावर नव्हता, सक्तीवर होता. त्याच बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. रविदास म्हणजे आपले रोहिदास. काशीत चामड्याचे काम करीतच त्यांनी भक्ती केली.

म्हणाल, हे सगळे जुने झाले. तसे नाही हो. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोहत्येचा आळ घालून भर रस्त्यात मारहाण झाली. एकाच्या हातातले कातडे पाहून त्याला मारतात, आणि दुसऱ्याच्या हातातले पाहून "काय सुंदर छंद!" म्हणतात. हा भेद हौशी माणसाने उत्पन्न केलेला नाही हे खरे. पण त्याचा लाभ त्याला मिळतो, हेही खरे. लाभ घेणाऱ्याने निदान तो ओळखावा.

उच्च म्हटलेल्या जातींतल्या माणसांनी हे काम हाती घेतल्याची उदाहरणे आहेत, पण त्यांचे प्रकार निरनिराळे आहेत. श्रीनिकेतनची स्थापना 1922 ची. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ यांनी तिथे चामड्यावरच्या नक्षीकामाला उत्तेजन दिले. आज शांतिनिकेतनच्या चामड्याच्या वस्तूंना भौगोलिक मानांकन आहे आणि तिकडच्या कारागिरांना त्यावर रोजगार मिळतो. म्हणजे कलेच्या वाटेनेही कसबाला मान येऊ शकतो. दुसरीकडे कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन. ब्राह्मण घरातले, उच्च शिक्षण घेतलेले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मिळावे म्हणून उपास केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास केला. पुढे कणकवलीला गोपुरीत अप्पासाहेब मेलेल्या जनावरांची कातडी स्वतः सोलीत. त्यांनी कामाचे दुर्गंधीचे टोक धरले. आपला हौशी गृहस्थ धरतो ते सुगंधी टोक. कमावलेले, स्वच्छ, कापून ठेवलेले कातडे त्याच्या मेजावर येते. सुगंधी टोक धरणे हे पाप नाही. पण "मी कातड्याला हात लावतो, म्हणजे माझ्यातला भेदभाव गेला," असे प्रशस्तिपत्र त्याने स्वतःला देऊ नये. हात लावण्याची वस्तू कातडे नव्हती, माणूस होता.

आपल्याच जिल्ह्यातले श्रीगोंदे घ्या. जुन्या कागदांत त्याचे नाव चांभारगोंदे असे आढळते. गोविंद नावाच्या भाविक चांभारावरून गावाला नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. आज तोंडी राहिले ते श्रीगोंदे. 'श्री' चांगलाच शब्द आहे. पण त्या 'श्री'च्या जागी पूर्वी कोण होते, हे गावातल्या मुलांना कोणी सांगते का? कसबाचेही असेच होते. वस्तू राहते, नक्षी राहते, करणारा पुसला जातो. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मानांकन मिळाले. तरी जून 2025 मध्ये इटलीतल्या प्राडा या बड्या कंपनीने तशाच घाटाची पायताणे मिलानच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. ओरड झाल्यावर मूळ मान्य केले. आपण त्या कंपनीला नावे ठेवली, ते ठीकच. पण आपल्या कोपऱ्यावर पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या गटई कामगाराचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्ही कीर्तनात रोहिदासांचे आख्यान लावतो. कुंडातल्या पाण्यात गंगा प्रकटते, कंकण वर येते, श्रोते डोळे पुसतात. आणि दुसऱ्या दिवशी वहाण शिवून घेताना तेच श्रोते नाणे वरून टाकतात, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. मग कालचे डोळ्यांतले पाणी कशाचे होते?

आता सिद्धांत. हौसेने चर्मकर्म शिकणे अधर्म नाही. ते शिकताना तीन गोष्टी पाळाव्यात, म्हणजे ते नुसते अनिंद्यच नव्हे, चांगलेही होईल.

एक, शिकायचे ते जाणत्याकडून शिकावे. चित्रफिती पाहून हात बसतो हे मान्य. पण रापीला धार कशी लावावी, आरी किती कलती धरावी, हे ज्याच्या घरात तीन पिढ्या चालत आले आहे, त्याच्या टपरीसमोर जाऊन बसावे. त्याला मामा म्हणावे, दादा म्हणावे, आणि तो ज्या उंचीवर बसला असेल त्याहून उंच बसू नये. विद्या घेतली तो गुरू. ही गोष्ट वेदाला लागू आहे, तशी टाक्यालाही लागू आहे.

दोन, मोबदला द्यावा आणि त्यात घासाघीस करू नये. एक पाकीट करायला आपल्याला सात संध्याकाळी लागल्या, हे ज्याने अनुभवले त्याला शिवलेल्या चपलेची किंमत जास्त वाटू नये. छंदाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बोटांना टोचून कळते. महाराष्ट्रात चर्मकार समाजासाठी सरकारी महामंडळ 1974 सालापासून आहे, पुढे त्याला संत रोहिदासांचे नाव मिळाले. पण महामंडळ आपल्या वतीने नम्र होऊ शकत नाही. ते काम ज्याचे त्याने करायचे.

तीन, फुकट वाटण्यात विवेक ठेवावा. भाच्याला पाकीट दिले तर उत्तम. पण हौशी माणसाने स्वस्तात विकून पोटार्थी कारागिराचे गिऱ्हाईक तोडू नये. आपला दिवा दुसऱ्याच्या तेलावर लावू नये.

एवढे जो पाळील, त्याने माळ काढण्याचे कारण नाही. आणि नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती, की घरातल्या मुलाच्या हातची रापी पाहून ओवळे-सोवळे काढण्यापूर्वी पुढच्या एकादशीला कीर्तनात पखवाजाच्या पुडीकडे एकदा नीट पाहावे, आणि ती कोणी मढवली हे वादकाला विचारावे. नाव कळले तर त्या माणसाला पुढच्या सप्ताहाला मंडपात बोलवावे, आणि पंगतीत आपल्या शेजारी पान मांडावे.